आईची फांदी, मुरमाचं रान: डाळिंबाची गुटी बांधण्यापासून पहिला उन्हाळा पार होईपर्यंत

सांगोला, आटपाडी, जत, मंगळवेढा या पट्ट्यात डाळिंब लावणाऱ्याला विचारा, रोप कुठलं? उत्तर बहुतेक वेळा जातीचं येतं. "भगवा." भगवा आहे हे खरं, पण कुठल्या झाडाचा? या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर बाकीचा खर्च, ठिबक, तार, शेणखत, हे सगळं नशिबावर टाकलंय असं समजा.

डाळिंबाचं बी लावलं तर झाड येतं, फळही येतं, पण ते आईसारखंच येईल याची खात्री नाही. एका फळाच्या बियांतून दहा झाडं वाढवली तर दाण्याचा रंग, सालीची जाडी, गोडी यांत फरक पडतो. म्हणून व्यापारी बाग बियांची नसते. आपण लावतो ती फांदी. पुण्याच्या गणेशखिंडीत फळबागतज्ज्ञ डॉ. चीमा यांनी आळंदी वाणातून निवडलेलं एक झाड पुढे 'गणेश' म्हणून महाराष्ट्रभर पसरलं, ते असंच फांद्याफांद्यांनी. झाडावरच्याच फांदीची साल गोल काढून, तिथे ओलं शेवाळ बांधून मुळं फोडायची आणि मग ती उतरवायची, ही गुटी. गुटी म्हणजे आईचं मूल नव्हे, गुटी म्हणजे आईच, वेगळ्या मुळांवर उभी केलेली. तिचे गुण जसेच्या तसे येतात आणि तिचा रोगही बरोबर येतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझी पहिली लागण ओळखीतल्या एका बागेतून स्वस्तात आणलेल्या गुट्यांची होती. भर पावसात बांधलेल्या, भर पावसात उतरवलेल्या. रोपं दिसायला तजेलदार होती. दुसऱ्या पावसाळ्यात पेरं काळी पडली, फांद्या तिथूनच मोडायला लागल्या, पानांवर पाणी शोषल्यासारखे डाग. तेल्या, डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग. तो रानात आला नव्हता, पिशवीतून आला होता. तेव्हापासून मी रोपाआधी आई बघतो.

आई निवडणं

हे काम फळं झाडावर असताना करायचं. पावसाळ्यात गुटी बांधायची वेळ आली की सगळीच झाडं हिरवीगार दिसतात, तेव्हा निवड होत नाही. बहार धरलेला असताना, म्हणजे झाडावर फळांचं पीक घेतलेलं असताना, बागेत फिरा आणि ज्या झाडावर फळं एकसारख्या आकाराची, तडा न गेलेली, रंगाला चांगली आहेत अशा झाडांच्या खोडाला निळ्या रंगाचा पट्टा मारा. एक फळ फोडून दाणा बघा, खाऊन बघा. झाड किमान एक बहार देऊन गेलेलं हवं. न फळलेल्या झाडाची गुटी बांधणं म्हणजे मुलगी न बघता सोयरीक ठरवणं.

मग उलटी चाळणी लावा. पट्टा मारलेल्या झाडांपैकी ज्याच्या पानांवर, पेरांवर किंवा फळांवर तेल्याचा एकही डाग सापडेल ते झाड बाद. फळावर इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी चीर पडली असेल तर शंकाच ठेवू नका. ज्याची एखादी फांदी अचानक पिवळी पडून वाळली आहे तेही बाद, कारण तिथे मर रोगाची सुरुवात असू शकते. शेजारच्या दोन-तीन झाडांनाही तोच निकष लावा. माझ्या एका मित्राचं म्हणणं असं की एवढं बघत बसलो तर झाडच उरणार नाही. न उरो. तेल्या असलेल्या बागेतल्या सर्वात चांगल्या झाडापेक्षा तेल्या नसलेल्या बागेतलं मध्यम झाड परवडतं.

स्वतःची निरोगी बाग नसेल तर परवानाधारक रोपवाटिकेतून, पावती घेऊन रोपं आणा आणि जमलं तर आईबाग दाखवायला सांगा. दाखवायला टाळाटाळ झाली तर गाडी तशीच परत फिरवा. सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. जातीबद्दल, रोगाबद्दल शंका असेल तर फांदी-फळ घेऊन तिथे जाण्यासारखं आहे. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं हा आणखी एक मार्ग. ती महाग पडतात, पण तेल्याचं ओझं घेऊन येण्याची शक्यता कमी असते. माझा लेख मात्र गुटीचा आहे, कारण आपल्याकडे अजूनही घरच्या घरी हात चालतो तो गुटीवरच.

निवडलेल्या झाडाला त्या पावसाळ्यात बहार धरू नका. एकाच वेळी फळंही पोसायची आणि गुट्याही, हे त्याला जड जातं, आणि मुळं उशिरा सुटतात.

गुटी बांधणं

वेळ जून अखेर ते ऑगस्ट. हवेत ओल लागते, नाहीतर शेवाळ आतल्या आत वाळतं. अडचण इथेच आहे: मुळं सुटायला जी दमट हवा लागते तीच तेल्याला लागते. म्हणून पाऊस चालू असताना किंवा पानं ओली असताना कात्री-चाकू लावू नका. दोन दिवसांची उघडीप बघून सकाळी दव सुकल्यावर काम सुरू करा. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना चाकू स्पिरिटने किंवा सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुसा. मजुरांना हे सुरुवातीला वेडेपणा वाटतं. चार वेळा सांगा, पाचव्यांदा सवय होते.

फांदी निवडताना पेन्सिलीच्या जाडीची, साधारण वर्षभराची, सरळ वाढलेली घ्या. लांबी दीड-दोन फूट पुरे. बुडख्यातून आलेले पाणसोट फुटवे घेऊ नका. ते भराभर वाढलेले असतात, आत लाकूड कच्चं असतं. उन्हात असलेली, म्हणजे झाडाच्या बाहेरच्या घेरातली फांदी आतल्या सावलीतल्या फांदीपेक्षा चांगली.

एका पेराच्या लगेच खाली, अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढायची. साल निघाली की खालचं लाकूड बुळबुळीत लागतं. तो थर चाकूच्या पाठीने हलकेच खरडून टाका, नाहीतर झाड आठ-पंधरा दिवसांत साल पुन्हा जोडून घेतं आणि तुमची गुटी नुसतीच बांधलेली राहते. नव्या माणसाची निम्मी गुटी इथेच फसते. लाकडात चाकू घुसवायचा नाही. पाणी वर चढतं ते लाकडातून.

वरच्या कापाच्या काठाला संजीवक, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारं द्रव्य, लावायचं. मुळं वरच्या काठातून सुटतात, खालच्या नाही, कारण पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली येतं आणि तिथे अडतं. आयबीए नावाचं संजीवक १५०० ते २५०० पीपीएम या प्रमाणात वापरतात. हिशेब सोपा आहे: एका लिटरात १ ग्रॅम म्हणजे १००० पीपीएम. १०० मिलीलिटरचं २००० पीपीएम द्रावण हवं असेल तर ०.२ ग्रॅम. आयबीए नुसत्या पाण्यात विरघळत नाही. आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा, मग पाणी घाला. साधा तराजू इतकं बारीक वजन दाखवत नाही, म्हणून कृषी सेवा केंद्रातून तयार पावडर किंवा पेस्ट आणलेली बरी. जास्त लावलं तर जास्त मुळं येतात असं नाही, उलट कापाचा काठ काळा पडतो.

स्फॅग्नम शेवाळ रात्रभर भिजवा आणि बांधताना मुठीत घट्ट पिळा. पाणी टपकता कामा नये. ओलंगच्च शेवाळ बांधलं तर मुळाऐवजी कुज येते. मूठभर शेवाळ कापाभोवती, दोन्ही काठ झाकतील असं लावा आणि वरून ३०० गेज जाडीच्या पारदर्शक प्लास्टिकची पट्टी गुंडाळा. दोन्ही टोकं सुतळीने आवळून बांधा. गाठ घट्ट नसली की पावसाचं पाणी आत शिरतं, उन्हात तिथूनच ओल उडून जाते. प्रत्येक फांदीला आईच्या झाडाचा नंबर लिहिलेली छोटी चिठ्ठी लावा. पुढे पाच वर्षांनी कुठलं झाड कुणाचं हे तिच्यावरून कळतं.

पारदर्शक प्लास्टिकमधून आत दिसतं. २५ ते ३० दिवसांनी पांढरी मुळं दिसू लागतात. लगेच उतरवण्याचा मोह होतो, पण पांढरी मुळं ठिसूळ असतात, पिशवीत भरताना तुटतात. ती तपकिरी व्हायला, शेवाळात चांगली पसरायला दीडेक महिना लागतो. उतरवण्याआधी आठ दिवस गुटीच्या खाली फांदीला अर्धा काप द्या. फांदीला आपल्या मुळांवर अवलंबून राहायची थोडी सवय लागते. मग पूर्ण काप.

पिशवीतले दोन-तीन महिने

उतरवलेल्या गुटीला मूठभर मुळं असतात आणि वर दोन फुटांची पानं. हा हिशेब जुळत नाही. म्हणून शेंडा खुडा, निम्मी पानं काढा. काही जण हळहळतात, पण न काढलेली पानं चौथ्या दिवशी आपोआप गळतात, आणि गळण्याआधी रोपाचं पाणी ओढून घेतात.

पिशवीतल्या मातीकडे फार कमी लोक लक्ष देतात. ओढ्यातली किंवा जुन्या बागेतली माती आणून भरली तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत, फुकट येतात. मुळांवर गाठी दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून एप्रिल-मेमध्येच पिशवीची माती तयार करून ठेवा: पोयट्याची माती, कुजलेलं शेणखत आणि वाळू मिसळून, ओली करून, पातळ थर पसरून, वर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी मातीने दाबून पाच-सहा आठवडे उन्हात तापू द्या. सोलापूरचा मे महिना इथे आपल्या बाजूने काम करतो. ४२-४३ अंशांच्या उन्हात प्लास्टिकखाली माती किती तापते ते हात घालून बघा. मिसळलेल्या मातीत पाणी टाकलं तर ते तासाभरात खाली उतरलं पाहिजे. वर तळं साचत असेल तर वाळू वाढवा.

प्लास्टिकची पट्टी काढायची, शेवाळ मात्र मुळांवरच राहू द्यायचं. शेवाळ सोडवायला गेलात की मुळं हातात येतात. पिशवीच्या बुडाला आणि बाजूला भोकं हवीत. पिशव्या जमिनीवर ठेवू नका, विटांवर किंवा प्लास्टिकवर ठेवा, नाहीतर मुळं खाली मातीत घुसतात आणि उचलताना तुटतात.

पहिला महिना-सव्वा महिना ५० टक्के सावलीच्या शेडनेटमध्ये, वारा न लागेल अशा कोपऱ्यात ठेवा. पाणी फवाऱ्याने, थोडं थोडं. नवी पालवी आली म्हणजे जगलं, असं लगेच समजू नका. फांदीत साठलेल्या अन्नावरही पालवी फुटते. पालवीची तांबूस पानं हिरवी, टणक होऊन पुढची पालवी आली की मग खात्री.

आता कोरड्या हवेतला महत्त्वाचा भाग. शेडनेटमधून काढलेलं रोप थेट रानात लावलं तर त्याची पानं दोन दिवसांत कागदासारखी होतात. सावलीतलं पान पातळ असतं, उन्हातलं जाड. सावलीतलं पान उन्हात जाऊन जाड होत नाही, ते करपतं आणि त्याच्या जागी नवं यावं लागतं. ते नवं पान रोपवाटिकेतच, पाणी हाताशी असताना यायला हवं. महिन्या-सव्वा महिन्यानंतर पश्चिमेची बाजू सोडून नेट उचला. आठवडाभर फक्त सकाळचं ऊन. मग अकरा वाजेपर्यंत, मग दोनपर्यंत, मग पूर्ण दिवस. याच काळात पाणी एक दिवसाआड करा. शेवटचे दहा दिवस रोप उघड्यावर, विनासावली, दुपारी मान न टाकता उभं राहिलं पाहिजे. जे राहत नाही ते लागवडीला नेऊ नका, पुढच्या फेरीला ठेवा. या सगळ्याला तीन-चार आठवडे जातात आणि या तीन-चार आठवड्यांत नेमका गिऱ्हाईक येतो. विकणाऱ्याला घाई असते, म्हणूनच विकतची रोपं आणल्यावर तुम्ही आपल्या बांधावर पंधरा दिवस हाच क्रम पुन्हा करा.

रान आणि खड्डा

काळ्या खोल जमिनीत डाळिंब लावू नये हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लावतात, कारण पाणी तिथेच असतं. मुरमाड, हलकी ते मध्यम, पाणी न धरणारी जमीन डाळिंबाला मानवते. माती परीक्षणात सामू (पीएच) साडेसहा ते साडेसातच्या आसपास असावा. थोडा जास्त असला तरी चालतं, पण चुनखडी खूप असेल तर पानं कायम पिवळट राहतात. मध्यम जमिनीत फूट-दीड फूट उंच गादीवाफे करून त्यावर लावा. निव्वळ मुरमात खड्डेच बरे.

अंतर १५ बाय १० फूट. एकरात २९० झाडं बसतात. रोपं ३२०-३३० तयार ठेवा, नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, लागतात. जवळ लावून झाडांची संख्या वाढवायचा मोह आवरा, कारण फांद्या एकमेकींत गेल्या की वारा खेळत नाही आणि तेल्याला फावतं.

खड्डे दोन बाय दोन बाय दोन फुटांचे, लागवडीआधीच्या मे महिन्यात काढून महिनाभर उघडे ठेवा. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती आधी खाली घाला. प्रत्येक खड्ड्यात २० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, १ किलो निंबोळी पेंड, अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी. ट्रायकोडर्मा नुसतं टाकण्यापेक्षा आधी ओलसर शेणखतात मिसळून, गोणपाट झाकून, सावलीत आठ-दहा दिवस वाढू द्या. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर हुमणी आणि वाळवी दोन्ही निमंत्रणाविना येतात. खत हातात घेऊन वास घ्या; शेणाचा वास आला तर अजून कुजलेलं नाही, मातीचा आला तर तयार.

भरलेला खड्डा पावसाळ्यात खाली बसतो, वरून माती टाकून बरोबर करा. पावसाळ्यात त्या पट्ट्यावर झेंडू लावला तर दुहेरी फायदा: सूत्रकृमी कमी होतात आणि दसऱ्या-दिवाळीला फुलं विकली जातात. माझ्याकडे एका वर्षी झेंडूनेच ठिबकच्या नळ्यांचे पैसे काढून दिले.

कधी लावायचं

जुलै-ऑगस्टमध्ये लावलं तर पाणी कमी लागतं, पण कोवळ्या रोपाला पहिल्याच महिन्यात तेल्याच्या हवेला तोंड द्यावं लागतं. डिसेंबरच्या थंडीत मुळं हलत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये लावणं म्हणजे रोपाशी वैर. माझं मत: विहिरीला किंवा शेततळ्याला मेअखेरपर्यंत पुरेल एवढं पाणी असेल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. हवा कोरडी, थंडी ओसरलेली, आणि उन्हाळ्याआधी मुळं पसरायला दोन-अडीच महिने मिळतात. जुलैत बांधलेली गुटी सप्टेंबरमध्ये पिशवीत, जानेवारीत कणखर, हा हिशेबही बरोबर बसतो. पाण्याची खात्री नसेल तर गुपचूप पुढच्या जुलैपर्यंत थांबा, रोपं मोठ्या पिशवीत बदलून ठेवा.

लागवडीचा दिवस

आदल्या दिवशी पिशव्यांना पाणी द्या आणि खड्डेही भिजवा. चारनंतर लावायला सुरुवात करा म्हणजे रोपाला पहिली रात्र थंड मिळते. पिशवीचं बूड ब्लेडने कापा. मुळं तळाशी गोल फिरलेली असतील तर ती कापून टाका. गोल फिरलेली मुळं रानातही गोलच फिरत राहतात आणि तीन वर्षांनी झाड वाऱ्याने मुळासकट कलतं. मग बाजूला उभा काप देऊन पिशवी काढा. गड्डा फुटू देऊ नका.

पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल. जास्त खोल लावून खोडाला माती लावली की तिथे साल कुजते. माती पायाने दाबू नका, हाताने दाबा, आणि लगेच चार-पाच लिटर पाणी द्या म्हणजे गड्ड्याभोवतीची हवा निघून जाते.

गुटीला सोटमूळ नसतं, सगळी मुळं आडवी, उथळ. म्हणून काठी लागतेच. बांबूची किंवा तुराटीची काठी पश्चिमेकडून रोवा आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधा, एक वेढा काठीला, एक रोपाला. तारेने बांधलेलं रोप मे-जूनच्या वाऱ्यात सोललं जातं.

पाणी: इथे जास्त माणसं चुकतात

पहिले दोन आठवडे रोपाची सगळी मुळं त्या सहा इंची गड्ड्यात असतात. आजूबाजूचा खड्डा चिखल झाला आणि गड्डा कोरडा राहिला, असं सर्रास होतं. म्हणून ड्रिपर सुरुवातीला गड्ड्याच्या काठावर ठेवा, खोडावर नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तो हळूहळू बाहेर सरकवा, फूटभर, मग दीड फूट. मूळ पाण्याच्या मागे जातं, त्याला चालायला लावा. वर्ष संपेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक नळी असावी. खोडाजवळ कायम ओल राहिली की मर रोगाला दार उघडं.

प्रमाण सांगायचं तर फेब्रुवारीत रोपाला दिवसाला २ ते ४ लिटर, मेमध्ये ६-७ लिटर. पण मुरमात आणि पोयट्यात फरक पडतो, म्हणून आकड्यापेक्षा वाफसा बघा. वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारली की फुटला, वाफसा आहे. गोळा होतच नाही, पाणी द्या. तळहाताला चिखल लागला, उद्याही देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनला रोप मान टाकतं. बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो आणि हात व्हॉल्व्हकडे जातो. थांबा. संध्याकाळी सहाला जाऊन बघा. पानं उभी राहिली असतील तर ते पाण्यावाचून नव्हतं, उन्हापासून स्वतःला वाचवत होतं. सकाळी सातला मान खाली असेल तेव्हा काळजी करा, आणि तेव्हाही आधी माती उकरून बघा. पाणी जास्त झाल्यामुळेही रोप मान टाकतं, कारण मुळांना हवा मिळत नाही. मी माझी काही रोपं अशी पाजून मारली आहेत.

बोअरचं पाणी खारट असेल तर ते तपासून घ्या. पानांच्या कडा करपायला लागल्या की समजतं, पण तोवर मुळांजवळ मीठ साचलेलं असतं. शेततळ्याचं गोडं पाणी असेल तर आठवड्यातून एकदा तेच सोडा.

पहिला उन्हाळा

मार्चच्या सुरुवातीला आच्छादन करा. उसाचं पाचट मिळालं तर उत्तम, नाहीतर गव्हाचं काड. तीन-चार इंच जाड, खोडापासून वीतभर दूर. पाचटाखालच्या मातीत दुपारी हात घाला आणि उघड्या मातीत घाला, फरक तळहाताला कळतो. वाळवी दिसली तर आच्छादन बाजूला करून बघत राहा, लगेच जाळू नका.

पश्चिमेच्या बाजूने सावली हवी, फक्त पश्चिमेच्या. चार तुराट्या रोवून त्यावर शेडनेटचा किंवा जुन्या गोणपाटाचा तुकडा बांधला की काम होतं. चारी बाजूंनी झाकू नका, आत वारा कोंडतो. सावली जूनचा पहिला पाऊस झाला की काढून टाका. बांधावर शेवरीची दाट ओळ असेल तर लूचा जोर तुटतो. ती लागवडीच्या आदल्या पावसाळ्यातच लावायला हवी, हे मात्र बहुतेकांना उन्हाळ्यात आठवतं.

खत? नवी पालवी दोनदा येऊन पक्की होईपर्यंत रासायनिक काही नाही. त्यानंतर ठिबकमधून थोडं थोडं, हप्त्याने. युरियाचा एकदम मोठा डोस दिला तर फूट लुसलुशीत येते आणि मावा तिच्यावर तुटून पडतो.

या दिवसांत रोपाला फूल येतं. गुटी आईच्या वयाची असते, तिला फळायची घाई असते. फुलं खुडा. घरातली लहान मुलं हे काम आनंदाने करतात.

पावसाळा आणि फवारणी

पाऊस सुरू होण्याआधी १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करून घ्या. कोवळी फूट जास्त असेल तर अर्ध्या टक्क्याची. १ टक्क्यासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बॅरलमध्ये विरघळवून मग एकत्र करा. तयार मिश्रणात लोखंडी खिळा किंवा सळई बुडवून बघा. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून चुन्याची निवळी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा, शिळं वापरू नका.

कुठल्याही पानावर पाणी शोषल्यासारखा डाग दिसला तर ते पान, ती फांदी काढून पिशवीत भरा आणि रानाबाहेर नेऊन जाळा. बांधावर टाकू नका. पावसाचे थेंब आणि मजुरांचे हात, तेल्या या दोन गोष्टींवर स्वार होऊन फिरतो. म्हणून रोगट झाडांवरचं काम दिवसाच्या शेवटी.

दुसरा शत्रू खोडाला बारीक, टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडणारा भुंगेरा, म्हणजे खोडकिडा. सांगोला भागात त्याने आणि मर रोगाने उभ्या बागा काढायला लावल्या. खोडाला गेरूच्या पातळ खळीत शिफारशीतलं कीटकनाशक आणि बुरशीनाशक मिसळून लेप द्या, वर्षातून किमान दोनदा. भोकाशी बारीक भुसा दिसला तर उशीर होण्याआधी कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवा.

आकार आणि पहिला बहार

सहा महिन्यांनी रोपाला बुडातून बरेच फुटवे आलेले असतील. तीन-चार जोमदार, वेगवेगळ्या दिशांना गेलेले ठेवा, बाकीचे कोवळे असतानाच हाताने मोडा. एकच खोड ठेवायला काही जण सांगतात; मला पटत नाही. आपल्याकडे खोडकिडा आणि मर इतकी आहे की एक खोड गेलं तर झाडच गेलं. तीन असतील तर दोन उरतात. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत खोडं स्वच्छ ठेवा म्हणजे मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत.

दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत बहार धरू नका. मग पहिला बहार हस्ताचा धरा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. फळ थंड, कोरड्या दिवसांत वाढतं आणि तेल्याचा ताप कमी होतो. जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार उन्हाळ्यात पाणी मागतो, जून-जुलैच्या मृग बहाराला पाऊस आणि तेल्या दोन्ही सोबतीला.

पहिली फळं काढताना आईच्या झाडाचा नंबर लिहिलेली वही बरोबर ठेवा. कुठल्या नंबरच्या गुट्या चांगल्या उतरल्या, कुठल्या तडकल्या, ते तिथल्या तिथे लिहा. चांगल्या झाडांच्या खोडाला निळा पट्टा मारा आणि पुढच्या जूनपर्यंत त्यांना कात्री लावू नका.